बाबांचा शेवटचा रोल

बाबा २००३ साली गेले. त्यांचा कॅमेरा आम्ही भावंडांनी ट्रंकेत ठेवून दिला. गेल्या वर्षी आईने तो काढायला लावला, तर आत कृष्णधवल रोल तसाच! आई म्हणाली, "त्यात माझे फोटो आहेत. ह्यांनी शेवटचे काढलेले."

आमच्या भागात आता रोल धुऊन मिळत नाही. शहरातल्या एका दुकानाने दोन दिवसांच्या मजुरीएवढा दर सांगितला, वर काही येईलच याचा भरवसा नाही म्हणाला. तेव्हा धाकट्याने कॉफीची युक्ती काढली. आम्हाला थट्टाच वाटली. पण १९९५ साली अमेरिकेतील रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रा. स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफीने फिल्म धुऊन दाखवली होती. कॉफीतले कॅफेइक आम्ल प्रकाश लागलेल्या क्षाराची चांदी करते. मात्र त्याला सोड्याची जोड लागते. व्हिटॅमिन सी घातले की काम जोरात होते.

बाबांचा रोल एकच. म्हणून आधी नव्या रोलवर प्रयोग केला. फिल्म कोरी निघाली! चूक आमचीच. धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा घातला होता, तो या कामाला फार सौम्य. बाबांचा रोल आधी टाकला असता तर? त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

दुसऱ्या वेळी सगळे तोलून घेतले. अर्धा लिटर पाण्यात सुका धुण्याचा सोडा २७ ग्रॅम, व्हिटॅमिन सीची पूड ८ ग्रॅम, साधी इन्स्टंट कॉफी २० ग्रॅम. बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवून द्रावण २० अंशांवर आणले. पंधरा मिनिटे. वास असा की शेजारी विचारायला आले. प्रयोगाची फिल्म छान निघाली. मग रात्री दिवा घालवून, गोधडीखाली चाचपडत बाबांचा रोल टाकीत भरला. शेवटी हायपो मात्र विकतचाच. ते काम कॉफी करीत नाही.

बरीचशी फिल्म काळवंडली होती. तीन फोटो आले. एकात आई उंबऱ्यात तांदूळ निवडते आहे. तिने तो उजेडाला धरला आणि म्हणाली, "ही साडी हिरवी होती रे."

वाचकहो, तुमच्याही ट्रंकेत असा रोल असेल तर फेकू नका. पण आधी दुसऱ्या फिल्मवर हात बसवा. आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.