कडेची माणसं

१० ऑक्टोबर, तलासरी

आज तलवाड्याच्या गोळीबाराचा दिवस. १९४५ साली याच तारखेला पाच वारली मारले गेले. जेठ्या गांगड त्यांतलाच. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ सध्या पुन्हा वाचते आहे. हे पुस्तक १९७० सालचं. त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पहिल्यांदा वाचलं ते इतिहास म्हणून. आता बघते आहे, की बाईंनी हे सांगितलं कसं.

लग्नगडीचंच घ्या. गडी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतो आणि त्या पैशांपायी स्वतः राबतोच, नवी नवरीही राबायला लागते. म्हणजे कहाणी सुरू होते ती हळदीच्या अंगाने, मांडवातून. गुलामीचं वर्णन करायला लेखणी थेट वेठबिगारीच्या शेतावर गेली असती तर वाचणारा आधीच सावध झाला असता. इथे तो वऱ्हाडात बसलेला असतो आणि बसल्या जागी अडकतो.

तलवाड्याचं तर वाचवत नाही. गोदूताई, म्हणजे परुळेकर बाई, येणार आहेत, या, अशी अफवा सोडली गेली आणि लोक जमले. पोलिसांच्या कानावर घातलं गेलं ते वेगळंच: वारली दंग्यासाठी जमलेत. जमाव एक, त्याच्या गोष्टी दोन. अफवा रचणाऱ्याला नीट ठाऊक होतं की ही माणसं बाईंवर किती जीव टाकतात. ऐकणाऱ्याच्या मनातलं प्रेम ओळखून गोष्ट रचायची, हे तर आम्ही लिहिणारेही करतो. म्हणून आज हे कसब हाताळताना भीती वाटली, आणि ती वाटत राहावी.

१८ ऑक्टोबर

धाकटा भाऊ डहाणूहून आला होता. रात्री दोघांनी ‘फँड्री’ पाहिला. मंजुळेंचा हा २०१३ सालचा चित्रपट मी आधी पाहिलेला, त्याने नव्हता. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. ते धरायला धावणारं नायक जब्याचं सगळं घर जागच्या जागी ताठ उभं. डुकराला काय त्याचं! भाऊ ओरडलाच, “ताई, गेलं ना ते!” आणि हसला. मग हळूहळू गप्प झाला.

ते हसू किती महत्त्वाचं आहे हे आज कळलं. मंजुळे आधी आपल्याला हसणाऱ्यांत उभं करतात. डुकरामागे धावणारं जब्याचं घर आणि ते बघायला जमलेली, खिदळणारी पोरं. आपण नकळत त्या पोरांच्या बाजूला गेलेलो असतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो तेव्हा तो आपल्याच रोखाने का येतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. बघणाऱ्याला कुठे उभं करायचं, हे पहिल्या ओळीआधी ठरवायला हवं. पात्राबद्दल कळवळा मागून मिळत नाही.

२१ ऑक्टोबर

‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे, २०१४. संथ आहे म्हणून मागे अर्ध्यात सोडला होता; आज शेवटपर्यंत पाहिला. लोकशाहिराचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप. कॅमेरा एका जागी ठेवलेला. मुख्य खटल्याची पाळी येईतो दुसरे खटले येतात, जातात. एका बाईने बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून तिचं प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात. तिचं पुढे काय झालं, चित्रपट सांगत नाही. पण त्या दोन मिनिटांत न्यायालय कळतं.

आणि मेलेल्या कामगाराची बायको. साक्षीत ती सांगते, की तो गटारात उतरण्याआधी खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत श्वास घेता येईल. आवाज चढत नाही, पार्श्वसंगीत नाही, वकीलही त्यावर थांबत नाही. वाक्य पडून राहतं आणि उचलायचं काम आपल्यावर येतं. मी असते तर त्या खड्यावर एक अख्खा परिच्छेद खर्चला असता!

२६ ऑक्टोबर

गंजाडला जाऊन आले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे इथलेच. २०११ साली पद्मश्री, २०१८ साली गेले. लग्नाच्या भिंतीवर चौक लिहिणं हे सवाशिणींचं काम. सत्तरच्या दशकात म्हसेंनी ते हातात घेतलं आणि लग्न नसतानाही रोज काढू लागले. माशांच्या जाळ्याचं त्यांचं चित्र मी फक्त छापील पाहिलंय, तरी त्यातली एकेक बारीक रेघ डोळ्यांत राहिली आहे.

लग्नचौकात मधे पालघट देवी. नवरा-नवरी घोड्यावर, पण लहानशी, बाजूला. चौकटीबाहेर मात्र सगळं गाव: कोणी माडावर चढतंय, कोणी भात कांडतंय, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलाय. लांबचा माणूस लहान, जवळचा मोठा असा हिशेब नाही. आज, काल, उद्या एकाच भिंतीवर. आणि कोणीही हातातलं काम टाकून नवरीकडे बघत उभं नाही.

हेच ‘कोर्ट’मध्ये होतं! कडेच्या माणसांना आपापलं काम आहे. माझ्या कथांतली शेजारीण मात्र नायिकेला प्रश्न विचारण्यापुरती दारात येते.

३० ऑक्टोबर

भातकापणी. शाळेतला माझा वर्ग निम्मा रिकामा.

४ नोव्हेंबर

सातवीला ‘भूकंप’ लिहायला दिला. सगळ्यांनी पाठ्यपुस्तकातली व्याख्या उतरवली. वह्या मिटायला लावल्या आणि म्हटलं, सांगा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीकडे धक्के सुरू झाले, तेव्हा ही मुलं अगदी लहान. तरी एक म्हणाली, “बाई, आधी आवाज यायचा, मग भांडी.” दुसरा म्हणाला, थंडीत सगळे बाहेर तंबूत झोपायचे आणि त्याला मजा वाटायची, कारण आजी जवळ असायची. भूकंपाची मजा! मोठ्या माणसाने हे वाक्य दडपलं असतं. अख्ख्या तासात मला सर्वांत खरं वाटलं ते तेच.

९ नोव्हेंबर

माझी अडलेली कथा पुन्हा काढली. इकडची कितीतरी माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून धरली जातात आणि वर्षानुवर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात राहतात. माझा खलाशीही तिकडे आहे. पहिल्या खर्ड्यात मी त्याच्यामागे कोठडीत गेले होते. ती पानं काढली.

आता कथा पाड्यावरच राहील. कौलं शेकारायला कोण चढणार, हा पहिला प्रसंग. खलाशाच्या बायकोचा दीर चढेल, पण त्याला स्वतःचं घर शेकारायचंय, म्हणून तो घाईत असेल. त्याच्या बायकोला वीटभट्टीवर निघायचंय, ती बोचकं बांधता बांधता बोलेल. तुरुंगाचं नाव कोणी काढणार नाही. धाकट्या मुलीला मात्र यात मजा वाटेल, कारण काका वर चढला की कौलांच्या फटीतून आभाळ दिसतं.

दीर खाली उतरल्यावर बाई त्याला चहा देते की मजुरीचे पैसे पुढे करते, ते ठरत नाहीये. पैसे दिले तर तो दुखावेल. बहुतेक पैसेच.