केसलापूरच्या बावीस चुली

पौष लागला की आमच्या आदिलाबादच्या घरी फोन वाजायला लागतात. चंद्रपूरची मावसबहीण, किनवटचा भाचा, पांढरकवड्याची नणंद, सगळ्यांना अमावास्येला केसलापूरला, नागोबाच्या जत्रेला यायचं असतं. पूजा कधी, गर्दी किती, हे दोन वाक्यांत उरकतं. मग खरा प्रश्न येतो: जेवायचं कुठं?

मला हा प्रश्न आवडतो. जत्रेला निघालेल्या माणसानं पोटाची चौकशी करावी यात काही कमीपणा नाही. देव आणि जेवण आपण कधी वेगळं काढलंच नाही. कुळाचार सांगायला बसलेली आजी निम्मा वेळ नैवेद्याबद्दलच बोलत असते. म्हणून मीही नीट बैजवार सांगते.

सकाळचं आदिलाबादलाच उरकून घ्या. इथं एका गाडीवर तर्री-पोहे मिळतात आणि पलीकडच्या गाडीवर इडली-वडा. गाव दोन्ही खातं, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, आदिलाबाद तेव्हाच्या आंध्रात गेलं. सोयरिकी मात्र आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना जुळतात आणि सुनांबरोबर कालवणंही इकडची तिकडे जातात. गुडिहतनूरला हमरस्ता सोडून उटनूरच्या रस्त्याला लागलात की दोन्ही अंगांना कापूस दिसेल आणि कापसाच्या ओळींमध्ये तूर. या दिवसांत शेंगा टच्च भरलेल्या असतात. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा घेऊन कुणी बसलेलं दिसलं तर थांबा, घ्या, आणि गाडीत सोलत चला. मुत्नूरहून आत वळलं की केसलापूर.

तिथं पोचल्यावर काय खायचं, हे सांगण्याआधी मात्र मला तिथल्या चुलींबद्दल सांगावं लागतं. ते ऐकल्याशिवाय त्या जत्रेत जेवण्याला अर्थ नाही, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे पौष म्हणजे भाकड महिना. लग्न नाही, मुंज नाही, नवं काही करायचं नाही. संक्रांतीचा तीळगूळ तेवढा मध्ये येऊन जातो. गोंडांच्या घरी याच महिन्याचं पावित्र्य सगळ्यात मोठं. कितीतरी जण महिनाभर पायात वहाण घालत नाहीत. पौषाची कोर दिसली की त्यांच्यातल्या मेस्राम कुळाची हालचाल सुरू होते, कारण केसलापूरचा नागोबा हा त्यांचा कुळदेव. एक छकडा गावोगाव जत्रेची वर्दी देत निघतो आणि सिरिकोंड्याला पोचतो. तिथं कुंभारांचं एक घराणं आहे. मेस्रामांच्या पूजेची मडकी पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात घडतात. यंदा किती मडकी, किती झाकण्या, किती दिवे, हे तिथं बसून ठरतं. मग पांढऱ्या कपड्यांतली, अनवाणी माणसं गोदावरीचं पाणी आणायला निघतात. जन्नारम मंडलात कलमडुगूजवळ हस्तिनमडुगू नावाचा डोह आहे, तिथलंच पाणी लागतं. 2016 साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि तो डोह मंचिर्याल जिल्ह्यात गेला. पायवाट होती तशीच आहे. पाण्याची झारी घेऊन परतताना इंद्रवेल्लीला इंद्रादेवीची पूजा होते आणि मग केसलापूरच्या जुन्या वडांखाली सगळं कूळ उतरतं. तेलंगणातून आणि महाराष्ट्रातूनही माणसं आलेली असतात. गोंडांचे भाट, परधान, आपलं तंतुवाद्य किकरी काढतात आणि नागोबाची कथा लावतात. रात्री थंडी अशी की आदिलाबादचा पारा एका आकड्यावर येतो. गोधड्या, शेकोट्या, झोपलेली पोरं, आणि ती किकरीची तार.

अमावास्येच्या रात्री महापूजा होते. त्याआधी नव्या मडक्यांतून पाणी येतं आणि कुळातल्या लेकी-जावई मातीचं वारूळ नव्यानं लिंपतात. पूजेनंतर वर्षभरात कुळात आलेल्या सुनांची देवाशी भेट घालतात. पांढरं लुगडं, डोक्यावरून पुढं ओढलेला पदर, हाताला धरून नेणाऱ्या थोरल्या बायका. ही भेट होईपर्यंत ती सून नागोबाच्या पूजेत उभी राहू शकत नाही. ज्या महिन्यात आपण सून घरात आणायला बिचकतो, त्याच महिन्यात तिथं सुना देवाच्या घरात घेतल्या जातात.

आणि मग चुली. देवळाजवळ भिंतीनं वेढलेलं एक आवार आहे, त्याला गोवाड म्हणतात. आत 22 चुली. मेस्राम कुळाच्या शाखा 22, म्हणून चुलीही तेवढ्याच. कूळ वाढलं, एका शाखेची शेकडो घरं झाली, नोकऱ्यांमुळे माणसं हैदराबाद-नागपूरला गेली, तरी तेविसावी चूल पेटत नाही. ज्याची त्याची शाखा, ज्याची त्याची चूल. एका घराचं रांधून उतरलं की दुसऱ्या घराचं भांडं चढतं. हे काम पाळीपाळीनं चालतं.

पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला नागपंचमी आठवली. आमच्या घरी त्या दिवशी तवा चढत नसे, विळीला हात लावायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. उकडलेली दिंडं तेवढी. नागाला इजा होऊ नये म्हणून. नाग म्हटलं की चूल गप्प, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं होतं. आणि इथं नागोबाच्याच दारात संध्याकाळपासून जाळ. दोन्हीकडे भावना एकच असावी, देवाच्या दिवशी माणसाच्या हातून काही वावगं होऊ नये. आपण त्यासाठी चूल थांबवतो, ते चुलीला शिस्त लावतात.

गोवाडाच्या आत बाहेरच्यांनी जायचं नसतं. मी कधी गेले नाही, जाणारही नाही. भिंतीबाहेरून जे कळतं ते पुष्कळ असतं. ओल्या लाकडाचा कडवट धूर आधी येतो, मग डाळीला उकळी फुटल्याचा वास, मग ज्वारीच्या कण्या शिजताना येणारा तो जड, गोडसर वाफारा. आत कुणीतरी हाक मारतं, गोंडीत, आणि दुसरीकडून हसत उत्तर येतं. पाळीची वाट बघणाऱ्या बायका भांडी पुढ्यात घेऊन बसलेल्या असतात. पाहुण्यांचा फोनवरचा प्रश्न मला तिथं उभं राहिल्यावर वेगळाच वाटतो. मेस्रामांच्या माणसाला तो पडतच नाही. तो कुठल्याही राज्यातून येवो, साहेब होवो नाहीतर सालगडी राहो, त्याची चूल त्याच्या आधीच तिथं असते. आपल्यापैकी किती जणांना आज असं एखादं ठिकाण सांगता येईल, जिथं वर्षातून एकदा आपली वाट बघत चूल पेटलेली आहे? माझ्या माहेरचं घर विकलं गेलं तेव्हापासून मला ते सांगता येत नाही, म्हणून त्या भिंतीशी माझा पाय घोटाळतो.

देऊळ आता दगडी झालं आहे. मेस्राम कुळानं आपसात वर्गणी काढून, सुमारे 5 कोटी रुपये खर्चून ते बांधलं आणि डिसेंबर 2022 मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. जत्रेला राज्याच्या सणाचा मान आहे, रस्ते होतात, दिवे लागतात, बस सुटतात. ते सगळं हवंच. पण चुलींचा आकडा मेस्रामांनी बदलला नाही, आणि मला त्या घडीव दगडांपेक्षा याचं मोल अधिक वाटतं.

जत्रेत गाऱ्हाण्यांचा दरबारही भरतो, तो इथं जमणाऱ्या गर्दीमुळेच सुरू झाला. 1940 साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. मार्लवाईत त्यानं मुक्काम ठोकला, गोंडी मुलांसाठी शाळा काढली आणि तिथली गोंडी पुस्तकं देवनागरीत छापून घेतली, कारण या भागात मराठीमुळे ती लिपी ओळखीची होती. नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावी ही रीत चाळीसच्या दशकात त्याच्यामुळे पडली. त्यात मोठं शहाणपण होतं. कचेरीत गेलेला गोंड उपाशी, एकटा आणि परका असतो. इथं तो आपल्या देवापुढं, आपल्या माणसांत, आपल्या चुलीवरचं जेवून उभा राहतो आणि मग साहेबाशी बोलतो. अर्जांचं पुढं काय होतं हा वेगळा विषय. त्या दरबारानं सगळं मिटलं नाही, हे याच रस्त्यावरचा इंद्रवेल्लीचा स्तूप सांगतो. 20 एप्रिल 1981, सोमवार, गावचा बाजार. त्या दिवशी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. जत्रेला जाताना तिथपर्यंत जाऊन यावं. जेवणाच्या गोष्टीत हे कशाला, असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, जमीन गेली की आधी चूलच जाते.

हां, तर जेवायचं कुठं. जत्रेत दुकानं भरपूर असतात. भजी, जिलबी, चहा, शेव-चिवडा, पोरांना हवं ते सगळं मिळतं, आणि थंडीत गरम जिलबी खाण्यात आनंद आहेच. पण पोटभर जेवण म्हणाल तर शिदोरी न्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि थोडं जास्तीचं ज्वारीचं पीठ. जत्रेच्या कडेला झाडाझाडाखाली बिऱ्हाडं उतरलेली असतात. ही सगळीच काही मेस्राम नसतात. दुसऱ्या कुळांचे गोंड असतात, कोलाम असतात, आमच्यासारखे मराठी बोलणारे शेतकरीही असतात. प्रत्येकाच्या पुढ्यात तीन दगडांची चूल. राम राम म्हणून बाजूला सतरंजी टाकली की कुणी उठवत नाही.

मागच्या खेपेला मी अशीच एका बिऱ्हाडाशेजारी टेकले होते. एक म्हातारी बाई भाकरी थापत होती, जिवती तालुक्यातली. ऊन पाण्यात मळलेला पिठाचा गोळा, परातीवर तळहाताची थाप, दर थापेला भाकर एवढीशी फिरायची आणि कडा आपोआप गोल व्हायची. तव्यावर टाकली, वरून ओल्या बोटांनी पाणी फिरवलं, ते सुकायच्या आत उलटली. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला सरकवून भाकर सरळ निखाऱ्यांना टेकवली. ती टम्म फुगली आणि एका जागी फुटून वाफ सुटली. दुसऱ्या चुलीवर तुरीच्या सोल्यांची आमटी रटरटत होती, हिरवी, वांग्याच्या फोडी टाकलेली, वर लाल मिरचीचा तवंग.

"बस ना माय, दोन घास खाऊन जा," ती म्हणाली.

मी माझं पीठ पुढं केलं. तिनं ते परातीत ओतून घेतलं, काही न बोलता, जसं घरातल्या सुनेनं आणून दिलं असावं. भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि त्यावरच आमटी वाढली. ताटाची वाट बघायला लागली नाही. सोले दाताखाली फुटत होते, कोवळे, किंचित गोड. मी कुठली, नवरा काय करतो, पोरं किती, हे तिनं विचारून घेतलं. आदिलाबादची म्हटल्यावर तिचे डोळे चमकले.

"बाजारात कापसाला काय भाव चाललाय?"

मी ऐकलेला भाव सांगितला. तिनं शेजारी बसलेल्या लेकाला तो पुन्हा सांगितला, गोंडीत, आणि दोघं थोडा वेळ हिशोब करत राहिली. मग ती मला म्हणाली, सगळं रान आता कापसाखाली आहे, रेशनचा तांदूळ मिळतो म्हणून ज्वारी कुणी पेरत नाही. तिनं मात्र घरामागचा तुकडा ज्वारीला ठेवलाय, देवाला आणि जत्रेपुरता. ही भाकर त्यातलीच. लेक म्हणत होता, पुढच्या साली तिथंही सरकी टोकू.

"तू सांग त्याला," ती म्हणाली. "तू शहरातली, तुझं ऐकंल."

मी त्याला सांगितलं. तो हसला, आणि आईनं दिलेली दुसरी भाकर मोडून खायला लागला.