काठावरची साखर

मराठीत ‘काठावर’ हा शब्द मोठा दयाळू आहे. नापास होता होता राहिलेल्या मुलास तो पदरात घेतो, निवडणुकीत थोडक्यात निभावलेल्या उमेदवारास दिलासा देतो, आणि हल्ली डॉक्टरांच्या दवाखान्यातही जाऊन बसला आहे. रक्तातील साखर थोडी चढलेली निघाली, की ती ‘काठावर’ असते. रुग्ण तेवढ्यावर घरी येऊन पूर्ववत गोड चहा मागवितो. शास्त्रीय परिभाषेने या अवस्थेस ‘मधुमेहपूर्व’ म्हटले आहे. त्यातील ‘पूर्व’ या दोन अक्षरांशी आमचे भांडण आहे. अजून काहीच घडलेले नाही, अशी खोटी ग्वाही ती देतात.

हे भांडण सुरू झाले ते परभणी जिल्ह्यातील येलदरीस. पूर्णा नदीवरील १९६८ सालचे धरण ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते, तेच हे गाव. तेथे आमचे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, राहतात. हातपाय काडीसारखे; त्यांस लठ्ठ म्हणण्याची छाती कोणाची होणार नाही. परंतु अंघोळीस बसले असता त्यांचा करगोटा पोटात रुतलेला आम्हांस दिसला.

“गुरुजी, करगोटा सैल करा.”

“दोन वर्षांत तिसरा आहे हा. पण वजन पाहा, बासष्टच्या वर काटा जात नाही!”

उपाशीपोटीची साखर ११२ आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ६.१, असा कागद त्यांनी अभिमानानेच दाखविला. धरणाकडे जाणाऱ्या चढावर मात्र ते दोनदा थांबले, आणि वयाला दोष देऊन पुढे निघाले. घरी परतल्यावर वहिनींनी शिवणाची टेप काढली. कंबर ब्याण्णव सेंटिमीटर भरली. “आता श्वास सोडा,” वहिनी म्हणाल्या. मग ती सत्त्याण्णव झाली. भारतीय पुरुषांस नव्वद ही धोक्याची मर्यादा मानतात, स्त्रियांस ऐंशी.

वजनकाट्याने असे फसविण्याचे उत्कृष्ट उदाहरण पुण्याचेच आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे उंचीच्या हिशेबाने वजन अगदी सारखे, म्हणजे निर्देशांक २२.३ होता. मेद मोजला तेव्हा युडकिनांच्या अंगी तो ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२! दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ने छापले. याज्ञिकांचा मुद्दा असा, की आपण दिसायला कृश असलो तरी आतून मेदस्वी असतो. आणि ही ठेवण जन्मापासूनची आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी जी पाहणी चालविली, तीत बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. आपल्या बालकांच्या वाट्याला स्नायू कमी आले होते. मेद मात्र त्या मानाने टिकून होता.

हा मेद निरुपद्रवी साठा असता तर तक्रार नव्हती. १९९३ साली होतामिशलिगिल प्रभृतींनी लठ्ठ उंदरांच्या मेदातूनच दाह उत्पन्न करणारे द्रव्य पाझरते, आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, असे दाखविले. पुढे २००३ साली, फुगलेल्या मेदात रोगप्रतिकाराच्या पेशी तळ ठोकून बसतात, हेही उघडकीस आले. जखमेचा दाह लाल होतो, ठणकतो, आणि काम आटोपून निघून जातो. पोटातला हा दाह ठणकत नाही. राखेखालच्या गोवरीसारखा धुमसत राहतो. त्याची धग रक्तवाहिन्यांच्या अस्तरास लागते, आणि हळूहळू हृदयाच्या स्नायूस.

हृदयाचे काम रक्त ढकलण्याचे, अशी आपली समजूत. परंतु प्रत्येक ठोक्यानंतर सैल पडून रक्त आत घेणे हेही तितकेच मोठे काम आहे. स्नायू ताठर झाला म्हणजे ढकलण्याचे बळ शाबूत राहते, सैल पडणे तेवढे साधत नाही. मग रक्त मागे तुंबते. येलदरीच्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही: भिंतीपाशी पाणी अडले, की फुगवटा वरच्या शिवारापर्यंत सरकतो. येथे तो फुप्फुसांपर्यंत पोचतो, आणि चढावर दम लागतो. प्रत्येक दमाचे कारण हेच असते असे नव्हे. गुरुजींचे काय ते परभणीस इको तपासणी झाल्यावर कळेल. पण काठावरच्या साखरेतही हृदयविकार निरोग्यांहून अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. म्हणजे हृदयाच्या लेखी ‘पूर्व’ असे काही नाहीच.

हे शहरी सुखवस्तूंचे दुखणे, असे म्हणून खेड्यातल्या वाचकाने पान उलटू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आली, तर काठावरच्यांची १३ कोटी ६० लाख. मधुमेह खेड्यांत शहरांच्या निम्म्याहून थोडाच अधिक आहे. काठावरच्या साखरेत मात्र दोन्हीकडे प्रमाण जवळजवळ एकच, शंभरांत पंधरा.

उपाय आहे, आणि तो वजनकाट्याच्या मेहरबानीवर अवलंबून नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काठावरच्या मंडळींस आहाराचा व चालण्याचा नियम लावून दिला. तीन वर्षांत मधुमेहाकडे वळण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. आणि गंमत अशी, की त्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते.