तांबडा शुका

चित्रपट पाहून परतलेल्या मंडळींत नटनटींची चर्चा होते, गाण्यांची होते, कथेतील विसंगतींची तर हमखास होते. कपड्यांची मात्र सहसा होत नाही. झाली तरी अमकीची साडी फार सुरेख होती ह्यापलीकडे ती जात नाही. वेषभूषाकाराचे काम उत्तम वठले तर ते पात्राच्या अंगात मुरून जाते आणि फसले तरच प्रेक्षकाच्या डोळ्यांत खुपते. कोल्हापूरच्या भानू अथैया ह्यांना १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल जॉन मोलो ह्यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळाले. आपल्या देशाच्या वाट्यास आलेले ते पहिलेच ऑस्कर. पण त्या बाईंचे नाव किती मराठी घरांत ठाऊक आहे, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २०१९ च्या फेब्रुवारीत, तेच पारितोषिक रुथ कार्टर ह्या अमेरिकन बाईंस 'ब्लॅक पँथर' ह्या चित्रपटाबद्दल मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय वेषभूषाकार. चित्रपट २०१८ सालचा, रायन कूगलर ह्यांनी दिग्दर्शित केलेला; जगभर त्याने एकशे तीस कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. घरातील तरुण मंडळींच्या आग्रहावरून आम्हीही तो पाहिला. मारामाऱ्या आम्हांस लांबल्यासारख्या वाटल्या. पण एक रंग मनात ठसून राहिला आणि त्या रंगाचा माग काढीत काढीत आम्ही फार दूर जाऊन पोहोचलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

वकांडा नावाच्या एका काल्पनिक आफ्रिकन राज्याची ती कथा. परकीयांचा अंमल ज्या भूमीवर कधीच बसला नाही, तेथील माणसे आज कशी राहती, काय नेसती, असा कल्पनेचा खेळ तीत मांडलेला आहे. ह्या राज्याच्या राजाच्या अंगरक्षक स्त्रियाच आहेत. त्यांना 'दोरा मिलाजे' म्हणतात. अंगभर घट्ट तांबडा पोशाख, त्यावर चामड्याचे बंद, पुढे लोंबणारा मण्यांनी भरलेला पट्टा, गळ्यात एकावर एक चढविलेली कडी, हातात भाला आणि डोके सफाचट मुंडलेले. अशा दहावीस स्त्रिया एका ओळीत उभ्या राहिल्या की पडद्यावर निखाऱ्यांची रांग मांडल्यासारखी वाटते. ज्या सचित्र कथापुस्तकांतून ही पात्रे घेतली, त्यांत ह्याच अंगरक्षक स्त्रिया तोकड्या झग्यांत आणि उंच टाचांच्या जोड्यांत चितारलेल्या होत्या. कार्टरबाईंनी त्यांना अंगभर वस्त्र दिले आणि त्या वस्त्राबरोबर दराराही दिला. नुसत्या कपड्याने पात्राची प्रतिष्ठा किती वाढते ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण आम्ही तरी अलीकडे पाहिलेले नाही.

ह्या वेषाची जुळवणी मात्र एका ठिकाणची नाही. गळ्यातील कडी दक्षिण आफ्रिकेतील न्देबेले स्त्रियांची. राणीची उंच गोल टोपी झुलू विवाहितांची, तीही यंत्राच्या त्रिमित छपाईने घडविलेली. सीमेवरील शिपायांच्या खांद्यांवर लेसोथोच्या बासोथो लोकांची कांबळी. एका वृद्धेच्या अंगाकेसांस नामिबियातील हिंबा स्त्रियांचा गेरू. आणि अंगरक्षकांचे मणिकाम व तो जळजळीत तांबडा रंग मसाई लोकांचा. आता कल्पना करा की, एखाद्या परदेशी दिग्दर्शकाने काल्पनिक हिंदी राज्याच्या सैनिकांस शिखांचा फेटा बांधला, नागांचा भाला दिला आणि खाली नऊवारीचा कासोटा मारला, तर आपण हसू, की रागावू, की खुलून जाऊ? आम्हांस वाटते, तिन्ही थोडे थोडे होईल. आफ्रिकेतही तिन्ही झाले असावे.

मसाई हे दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानिया ह्यांतील गवताळ पठारांवर राहणारे गोपालक. २०१९ च्या शिरगणतीत एकट्या केनियात ते सुमारे बारा लाख भरले. खांद्यावरून घेतलेले तांबडे वस्त्र, म्हणजे त्यांचा 'शुका', हा त्यांचा सनातन पोशाख अशी सर्वत्र समजूत आहे. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींनी ती पक्की केली आहे. खरी हकीकत तशी नाही. मसाई विणकर नव्हेत. त्यांचे जुने वस्त्र म्हणजे वासराचे, शेळीचे, मेंढीचे कमावलेले कातडे, चरबीत कालवलेल्या गेरूने माखलेले. तांबडा रंग जुना आहे, कापड नवे आहे. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावरून तांडे आत जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या ओझ्यांत 'मेरिकानी' नावाचे अमेरिकन गिरण्यांचे कोरे कापड असे, आणि 'कनिकी' नावाचे निळे रंगविलेले हिंदी कापडही असे. झांझिबारच्या पेठेतील ह्या व्यापारात कच्छी व गुजराती पेढ्यांचा हात मोठा होता. तरीही कातडे मागे पडून गिरणीचे तांबडे कापड सर्रास अंगावर यावयास १९६० च्या आसपासचा काळ उजाडला. म्हणजे ज्यास जग सनातन म्हणते, ते वस्त्र आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या आयुष्यातच रूढ झालेले आहे!

मण्यांचेही तेच. पूर्वी बिया, शिंपले, हाडे, माती आणि धातू ह्यांचे मणी होत. काचमणी आले ते व्हेनिस आणि बोहेमियातील कारखान्यांतून. परंतु कोणी असे समजू नये की, गोऱ्या व्यापाऱ्याने मूठभर रंगीत काच दाखविली आणि भोळे गोपालक भुलले. जोसेफ थॉमसन हा स्कॉटिश प्रवासी १८८३ साली मसाई मुलखातून गेला. मुलखात शिरण्यापूर्वी त्याला आपल्याजवळचे मणी ठराविक लांबीच्या हजारो माळांत नव्याने ओवून घ्यावे लागले. त्या मापाची माळ नसेल तर तेथे कोणी हात लावीत नसे. गिऱ्हाईक किती चोखंदळ होते ते ह्यावरून दिसते. काच परदेशची, पण निवड, माप आणि मांडणी मसाई बायकांची. पुढेही मोरानांचा, म्हणजे तरुण योद्ध्यांचा, नवा वयोगट आला की त्याच्यासाठी मण्यांची मांडणी बदलत गेली. आपल्याकडे मोठ्या बहिणीच्या लग्नातील पाटल्यांचा घाट धाकटीस जुना वाटतो, तसेच हे.

ह्या वेषात वाचण्यासारखे पुष्कळ असते. सुंता झालेला मुलगा काही महिने काळी वस्त्रे नेसतो. तो मोरान झाला की केस वाढवितो, त्यांच्या बारीक वेण्या घालून त्यांस गेरू लावतो आणि आरशापुढे बराच वेळ घालवितो. पुढे 'युनोटो' नावाचा मोठा विधी होतो. त्यात हे लाडके केस त्याची आईच आपल्या हाताने उतरविते, आणि त्या वेळी भलेभले तरुण ढसढसा रडतात. बायका डोके मुंडलेले ठेवतात. विवाहितेचे कानांतले वेगळे, कुमारिकेचे वेगळे. रंगांनाही अर्थ सांगतात: तांबडा म्हणजे रक्त आणि शौर्य, पांढरा म्हणजे दूध, निळा म्हणजे पावसाचे आकाश, हिरवा म्हणजे गवत. एन्काई हा त्यांचा देव, आणि त्याच शब्दाचा अर्थ पाऊसही होतो. गुराख्याच्या देवास ह्याहून शोभणारे नाव आम्हांस सुचत नाही.

हे कळल्यावर तो चित्रपट पुन्हा आठवून पाहिला, तेव्हा एक गंमत ध्यानात आली. मसाईंत भाला घेणारा पुरुष, आणि त्याचे केस लांब. मुंडण बाईचे, आणि तिच्या हाती भाला नाही. चित्रपटाने मुंडलेल्या बाईच्या हाती भाला दिला आणि योद्ध्याचा गेरुरंग तिच्या अंगावर चढविला. वेषाचा मूळ अर्थ असा उलटापालटा झाला. कोणी म्हणेल, हा अज्ञानाचा प्रकार. आम्हांस तसे वाटत नाही. कार्टरबाईंनी कोठून काय घेतले हे मुलाखतींतून नावानिशी सांगितले, आणि ते मसाईंचे चित्र म्हणून नव्हे, तर वकांडाचे म्हणून पुढे ठेवले. आपल्या हिंदी चित्रपटांतील जुनी तऱ्हा आठवावी: नायक-नायिका रानात वाट चुकतात, पिसांचे मुकुट आणि पानांचे घागरे ल्यालेली मंडळी मशाली घेऊन येतात, निरर्थक ओरडतात आणि नाचतात. ती मंडळी गोंड नव्हेत, वारली नव्हेत, भिल्ल नव्हेत. ती कोणीच नव्हेत. आणि लमाणी स्त्रियांचा आरसे जडविलेला घागरा तर कोणत्याही गाण्यास चालतो! कशिदा कोणाचा, हे श्रेयनामावलीत कधी वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्या मानाने नाव घेऊन उसने मागणारी रीत पुष्कळ सभ्य.

पण गोष्ट येथे संपती तर फार गोड झाली असती. १९६७-६८ साली, नव्यानेच स्वतंत्र झालेल्या टांझानियाच्या सरकारने अरुशा प्रांतात एक मोहीम काढली. मसाईंनी कातडी पांघरू नयेत, अंगास गेरू फासू नये, तोकडे शुके सोडून विजारी घालाव्यात, असे फर्मान निघाले. जुन्या वेषात आलेल्या मसाईस बसगाडीत आणि सरकारी कचेरीत मज्जाव झाला. फर्मान काढणारे परकीय नव्हते; ते त्याच देशाचे देशभक्त पुढारी होते आणि आपल्या राष्ट्राची जगात लाज जाऊ नये एवढीच त्यांची तळमळ होती. ही तळमळ आपल्याही ओळखीची आहे. घोंगडी खांद्यावर टाकून आलेल्या धनगरास स्वच्छ, चकचकीत कचेऱ्यांच्या दारावर कसे पाहतात, हे ज्याने त्याने आठवावे. मोहीम टिकली नाही, शुका टिकला. आणि आज त्याच देशाच्या प्रवासी-जाहिरातींत तांबड्या वस्त्रातले तरुण उंच उंच उड्या मारताना दिसतात.

वेष आवडतो, वेषातला माणूस अडचण करतो. २०२२ च्या जून महिन्यात टांझानियातील लोलियोंडो येथे सरकारने पंधराशे चौरस किलोमीटर कुरण वन्यपशूंसाठी राखून हद्दीचे खुंट रोवण्यास आरंभ केला. मसाईंनी विरोध केला. गोळीबार झाला, एक पोलीस ठार झाला, मसाई जखमी झाले, आणि कित्येक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'ब्लॅक पँथर'चा दुसरा भाग आला. तांबड्या वेषातल्या त्या स्त्रिया पुन्हा पडद्यावर उभ्या राहिल्या, आणि पुढच्या मार्चमध्ये कार्टरबाईंस दुसरे ऑस्कर मिळाले. ह्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव नाही, आणि कार्टरबाईंस बोल लावण्याचाही आमचा हेतू नाही. पण एका सालच्या दिनदर्शिकेत त्या दोन्ही बसतात, हे विसरताही येत नाही. पन्नास पावलांवरून आपला माणूस ओळखू यावा म्हणून जो रंग नेसावयाचा, तो नेसून उभे राहण्यास माळरानच उरले नाही, तर त्या रंगाचे पुढे काय होते? संग्रहालयात जातो, की पडद्यावर?

मसाईंनी स्वतः एक तिसरी वाट काढून पाहिली आहे. त्यांचे नाव, त्यांची चौकट, त्यांचे मणिकाम जगातील कितीतरी कंपन्या वापरतात. पॅरिसच्या लुई व्हिताँसारख्या नामांकित पेढीच्या २०१२ सालच्या पुरुषी पोशाखांत मसाई चौकटीचे कापड होते. स्वित्झर्लंडमधील एका बुटांच्या कारखान्याने तर नावातच 'मसाई' घातले, जरी मसाई बहुधा मोटारीच्या जुन्या टायरांच्या वहाणा घालतात. तेव्हा नाव वापरावयाचे तर परवानगी घ्या आणि मोबदला द्या, अशी मागणी घेऊन काही मसाई वडीलधारे पुढे आले, आणि ब्रिटनमधील एका कपड्यांच्या दुकानदारीने तसा करार करून मोबदला देऊ केला. रक्कम मोठी नसेल. पण मण्यांच्या माळेचे माप ठरविणाऱ्या लोकांनी पुन्हा एकदा आपले माप सांगितले, ह्याचे आम्हांस समाधान वाटले.

अडचण आहे ती सहीची. मसाईंना राजा नाही. ते दोन देशांत, अनेक शाखांत विभागलेले. निर्णय वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, सर्वांचे बोलून झाल्यावर व्हावयाचा. लंडनचा वकील विचारतो, करारावर कोणी सही करावयाची? म्हणून केनिया व टांझानिया दोन्हीकडे ठिकठिकाणी सभा भरवाव्या लागल्या; आणि त्या सभांत प्रथम हे समजावून द्यावे लागले की, नेसल्या कपड्याचा रंग आणि आईने ओवलेल्या मण्यांची मांडणी ही जगाच्या बाजारात मालमत्ता समजली जाते, आणि ती गुराढोरांप्रमाणे दुसऱ्याच्या दावणीस बांधलेली आढळू शकते.