सुभेदाराचा धार-देवास प्रवास

कुत्र्यावर फादरांनी लेख लिहावा, हे आमच्या काही वाचकांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही लिहितो. हल्ली आपल्या गावांतील पुष्कळ घरांच्या दारात लहानशी मोटार उभी असते आणि तिच्यातून माणसांच्या जोडीने घरचे कुत्रेही कधी डॉक्टरकडे, तर कधी पाहुण्यांकडे जाऊ लागले आहे. ते कसे न्यावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी ते एका मुक्या जिवाच्या गळ्याला जखम करून शिकलो. ती गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

माझा एक मामेभाऊ पिथमपूरच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि निवृत्तीनंतर धार शहरीच स्थायिक झाला. लहानपणी माझा कान पिळणारा हा दादा आता मला चारचौघांत ‘फादर’ आणि ‘अहोजाहो’ करतो. घरात मात्र जुन्या नावानेच हाक मारतो. धार हे पवारांचे गाव. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तेथल्याच किल्ल्यातला, १७७५ सालचा. जुन्या वस्तीत अजून मराठी कानांवर पडते. तिच्यात माळव्याची गोड हेल मिसळलेली असते. वहिनी वारल्यापासून दादाच्या घरात दोघेच होते: तो आणि सुभेदार.

सुभेदार हा मुधोळ जातीचा कुत्रा. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने या शिकारी जातीला नावारूपास आणले. २००५ साली भारतीय टपालखात्याने तिचे तिकीट काढले आणि २०१६ साली या जातीची पिले मीरतला सैन्याच्या शिक्षणासाठीही गेली. इतकी मोठी परंपरा. पण आमचा सुभेदार कुकरच्या शिट्टीला भिऊन पलंगाखाली शिरणारा! खांद्यापाशी सव्वादोन फूट उंच, वजन २७ किलो, कंबर मुठीएवढी आणि काळीज तिच्याहूनही लहान. पिलू असताना त्याला कोणी पोत्यात घालून, ट्रकमधून रात्रभर हेंदकाळत आणले होते. तेव्हापासून चाकांच्या वस्तूशी त्याचे वैर होते.

मे महिन्याच्या सुटीत मी धारला पोहोचलो, तेव्हा दादाला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन तीन आठवडे झाले होते. उजवा हात चालत नव्हता. त्याची मुलगी देवासला राहते. नोटा छापण्याच्या सरकारी कारखान्यात जावई नोकरीस आहे. बाबांनी आता आमच्याकडेच राहावे, असा तिचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. परंतु सुभेदाराला टाकून दादा उंबऱ्याबाहेर पाऊल घालीना. एका शेजाऱ्याने, चांगल्या हेतूनेच, ‘मांडूच्या बाजूला रानात सोडून देऊ, जगेल कुठेतरी’ असे सुचविले. ते ऐकून दादा त्या दिवशी जेवला नाही.

मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, “दादा, मी आहे ना! शंभर किलोमीटरचा तर रस्ता.”

दाराशी दादाची जुनी आल्टो होती. दादा पुढे बसला. सुभेदाराला दोघातिघांनी उचलून मागे कोंबला आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची साखळी मी पुढच्या आसनाच्या दांड्याला अडकविली. बिचाऱ्याला वारा लागावा, मोकळे वाटावे, म्हणून मागची काच पूर्ण खाली केली. वेळ सकाळी साडेदहाची, ऊन चढलेले. गावाची शेवटची घरे मागे पडली न पडली, तोच एका ट्रकने आमच्या कानाशी कर्णा वाजविला. आरशात मला फक्त एक तपकिरी झेप दिसली.

सुभेदार खिडकीतून बाहेर गेला होता आणि गळ्याच्या पट्ट्याने मोटारीला टांगला होता. त्याचे मागचे पाय रस्त्याला घासत होते. मी गाडी थांबवून धावलो, पण २७ किलोचे ते तडफडणारे ओझे एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने साखळी सोडविणे मला जमेना. एका टपरीवरचा माणूस धावत आला. त्याने कुत्र्याला खालून कवेत धरले, तेव्हा साखळी सुटली. आणखी अर्ध्या मिनिटाने काय झाले असते, ते सांगावयास नको. दादा पुढच्या आसनावरून एक हात पुढे करून काहीतरी बोलत होता. त्याचे शब्द त्याच्या ओठांतून नीट बाहेर येत नव्हते. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

दादा दुसऱ्या दिवशी जावयाबरोबर देवासला गेला. औषधोपचारासाठी जाणे भागच होते. जाताना त्याने मला एवढेच विचारले, “आणशील ना रे?” मी हो म्हटले. घरात मी, सुट्टीसाठी आलेला दादाचा चौदा वर्षांचा नातू आणि गळ्याला मलम लावलेला सुभेदार असे तिघे उरलो.

धारच्या एका पशुवैद्य बाईंनी त्याची जखम पाहिली आणि नंतर मला पाहिले. त्या रागावल्या नाहीत. पण त्यांनी मला खुर्चीवर बसवून जे सांगितले, ते सेमिनरीतल्या तर्कशास्त्राच्या तासाइतके स्वच्छ होते. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असता एकाएकी थांबली, तर न बांधलेला कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. तो मरतो आणि पुढच्या माणसाची मानही मोडू शकतो. म्हणून बांधावयाचा हे ठरलेले, पण गळ्याने कधीही नाही. छाती आणि पोट यांना वेढणारा रुंद पट्टा घ्यावा आणि तो आसनाच्या पट्ट्याला आखूड बांधावा. आखूड म्हणजे किती? कुत्र्याला उठून बसता यावे, कुशीवर पडता यावे; दारापर्यंत किंवा चालकाच्या खांद्यापर्यंत मात्र पोहोचता येऊ नये. त्याची जागा मागेच. पुढच्या आसनासमोर हवेची पिशवी असेल तर ती फुटताना माणसाच्या मापाने फुटते, कुत्र्याच्या नव्हे. मोठ्या गाडीत पिंजरा ठेवता येतो. आल्टोच्या दारातून सुभेदाराच्या मापाचा पिंजरा शिरलाच नसता. काच दोन बोटे उघडी, अधिक नाही.

गुंगीचे काय? माळवा हा अफूचा मुलूख. मंदसौर-नीमचकडे आजही सरकारी परवान्याने तिची शेती होते, त्यामुळे ‘मोहरीएवढी गोळी द्या, देवासपर्यंत डोळा उघडणार नाही,’ असा सल्ला मला गल्लीतच मिळाला होता. दुसऱ्या एकाने भांग सुचविली होती. बाईंनी दोन्हींना हात जोडले. अफूने श्वास मंदावतो. शिवाय शिकारी जातीच्या या सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी फार थोडी असते, त्यामुळे गुंगीच्या कित्येक औषधांचा अंमल त्यांच्यावर अधिक होतो व लवकर उतरत नाही. काही औषधांनी तर अंग लुळे पडते आणि भीती आत जशीच्या तशी राहते. भय कमी करणारी औषधे आहेत, ती वैद्याने वजन पाहून द्यावयाची. प्रवासाच्या आधी एखाद्या दिवशी घरीच देऊन पाहावयाची. माणसांच्या झोपेच्या गोळीला तर हातच लावू नये.

“पण फादर,” त्या म्हणाल्या, “आधी त्याची आणि गाडीची ओळख करून द्या. तुम्हांला घाई आहे. त्याला नाही.”

मला घाई होतीच. वसईचे परतीचे तिकीट हाती होते. ते रद्द केले आणि आमची नऊ दिवसांची उमेदवारी सुरू झाली. पहिले दोन दिवस मोटार अंगणात सावलीला, चारी दारे उघडी, यंत्र बंद. सुभेदाराची थाळी आधी गाडीजवळ, मग पायरीशी, मग आत. नातू मागच्या आसनावर पुस्तक वाचीत बसे. कुत्र्याला हाक मारावयाची नाही, ओढावयाचे नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पुढचे दोन पाय आत ठेवले, पोळीचा तुकडा उचलला आणि पळाला. नातू ओरडणार होता. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. दरम्यान दादाचा आवाज ऐकवावा म्हणून आम्ही फोन त्याच्या कानाशी धरला. ती चूकच झाली. सुभेदार फोनच्या मागे, मग दाराच्या मागे, मग साऱ्या घरात दादाला शोधीत राहिला आणि रात्रभर निजला नाही. पुन्हा तसे केले नाही; उलट दादाचे न धुतलेले धोतर गाडीत अंथरले. त्याचा मात्र उपयोग झाला.

आसन आणि पुढच्या पाठी यांच्यामध्ये पाय ठेवण्याचा जो खड्डा असतो, तो अशा कुत्र्याला फार वाईट. धक्का बसला की पाय त्यात जातो आणि तो बावरतो. आम्ही त्या खड्ड्यात घट्ट गुंडाळलेल्या गोधड्या दाबून बसविल्या आणि वर फळी टाकून मागची सारी जागा एका पातळीत आणली. छातीचा पट्टा इंदूरहून मागविला. तो आधी घरातच घालून हिंडविला. पाचव्या दिवशी यंत्र सुरू करून जागीच उभे राहिलो. सहाव्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. त्याच्या तोंडाला लाळ सुटली. सातव्या दिवशी पुन्हा तेवढेच, लाळ कमी. आठव्या दिवशी शहराबाहेर दोन किलोमीटर गेलो आणि परत आलो. ज्या टपरीपाशी तो अपघात झाला होता, तिच्यावरून जाताना सुभेदार स्वस्थ होता. हात कापले ते माझे.

तोबियसाच्या प्रवासात देवदूत राफाएल आणि एक कुत्रा असे दोघे सोबती होते, हे तोबीतच्या ग्रंथात आपण वाचतो. तो कुत्रा मागोमाग पायी गेला, म्हणून त्या ग्रंथात पट्ट्याबिट्ट्याची अडचण आली नाही, असा विनोद मी त्या रात्री नातवाला सांगितला. तो हसला नाही. त्याला आजोबांची काळजी होती. देवासहून आलेली बातमी अशी होती, की दादा व्यायामाला नकार देतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.

नवव्या रात्री सुभेदाराला लवकर, थोडेच खावयास दिले. पोट भरलेले असले की गाडीत ओकारी ठरलेली. पहाटे साडेचारला त्याला हिंडवून आणले आणि पाचला निघालो. मे महिन्यात धारला दुपारचा पारा ४० च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून त्याला उष्णता बाहेर टाकावी लागते. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बाहेर केवळ २४ अंश उष्णता असली, तरी उन्हातल्या बंद मोटारीत दहा मिनिटांत सुमारे ३४ अंश आणि अर्ध्या तासात ४० हून अधिक होते. ‘आत्ता येतो, भाजीच घ्यायची आहे’ असे म्हणून कुत्र्याला, आणि मुलालाही, आत कोंडून जाऊ नये. जनावराला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. परंतु भाजी घेणाऱ्याला कायदा आठवत नाही.

लेबड गेले, घाटाबिल्लोदपाशी चंबळेचा पूल गेला. मी पन्नासाच्या वर वेग नेला नाही. वळणे हळू घेतली. मागून येणारे वाहनचालक मला काय म्हणाले असतील, ते या साप्ताहिकात छापता येणार नाही. सुभेदार धापा टाकीत होता, थरथरत होता, पण पडून होता. नातू त्याच्या अंगावर हात ठेवून गप्प बसला होता. बेटम्याच्या पुढे एका ट्रकने कर्णा वाजविला. सुभेदार उसळला. पट्टा ताणला, कुरकुरला, आणि त्याने त्याला धरले. त्याने वळून पट्ट्याकडे पाहिले आणि पुन्हा बसला. दहा दिवसांपूर्वी काच उघडी टाकून मी त्याला मोकळीक देत आहे असे समजत होतो!

इंदूर जागे होण्यापूर्वी मागे पडले. क्षिप्रा गावाजवळ, नदीपाशी, सावलीत थांबलो. दार उघडण्यापूर्वी गळ्याची दोरी नातवाने मनगटाला दोन वेढे देऊन धरली. अनोळखी जागी सुटलेला शिकारी कुत्रा माणसाच्या पायांना सापडत नाही. सुभेदार चार घोट पाणी प्याला. उरलेले पाणी त्याने माझ्या झग्यावर झटकले.

देवासची टेकडी दुरूनच दिसते. एकाच गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये पूर्वी तिच्या पायथ्याशी नांदली. त्या गल्ल्यांतून घर शोधताना मी दोनदा चुकलो. शेवटी आठच्या सुमारास अंगणात गाडी उभी केली. दादा ओट्यावर खुर्चीत होता. त्याने हाक मारण्याचा प्रयत्न केला. ‘सुभेदार’ हा शब्द त्याला पुरता उच्चारता आला नाही, ‘सुभा’ एवढेच निघाले.

आम्हांला वाटले, आता कुत्रा पट्टा तोडून धावेल. पट्टा सोडला, दार उघडले; तरी तो उतरेना. दादाच्या धोतरावर हनुवटी टेकून तो तसाच पडून राहिला. फक्त शेपटी फळीवर आपटत होती. नातू ओढू लागला, तेव्हा दादाने डावा हात वर करून त्याला थांबविले. मग खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन तो उठला. मुलगी धरावयास धावली, तिलाही त्याने दूर केले. ओट्यापासून मोटारीपर्यंत अकरा पावले होती. मी ती मोजली. झटका आल्यापासून इतका तो एकटा चालला नव्हता. मोटारीपाशी येऊन तो आतल्या फळीवर, सुभेदाराच्या शेजारी, बसला.

मुलीने चहा तेथेच आणून दिला.