पिवो, पिवा, पिव : प्रागची बाराखडी

एक पिवो. दोन पिवा. तीन पिवा. चार पिवा. आणि पाच? पाच पिव!

बुचकळ्यात पडलात? झेक भाषेत 'पिवो' म्हणजे बिअर. दोनपासून चारपर्यंत तिचं एक अनेकवचन. पाचव्या पेल्याला मात्र शब्द थेट षष्ठी विभक्तीत जाऊन बसतो. म्हणजे 'बिअरींचे पाच' असं काहीतरी! झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग. तिथे भाषा शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला हा नियम सकाळी वर्गातल्या फळ्यावर भेटतो. तोंडात बसतो तो संध्याकाळी होस्पोद्यात. होस्पोदा म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचं खाण्यापिण्याचं ठिकाण. आपल्याकडची अंधारी परमिट रूम मात्र डोळ्यांसमोर आणू नका. इथे आजोबा बिअरचा पेला समोर ठेवून पेपर वाचतात, गवंडी आणि प्राध्यापक एकाच लांब टेबलाला खेटून बसतात आणि दुपारी मुलाबाळांसह कुटुंबं जेवायला येतात. दरडोई बिअर पिण्यात हा देश १९९० च्या दशकापासून जगात पहिला आहे. वर्षाला माणशी सुमारे सव्वाशे लिटर!

पण कुणी निव्वळ बिअरसाठी झेकसारखी अवघड भाषा शिकत नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत झेक माध्यमातून शिकणाऱ्याला, तो कुठल्याही देशाचा असो, शिक्षण शुल्क पडत नाही. त्यामुळे अनेक देशांतली तरुण मुलं आधी वर्षभर भाषा शिकतात आणि मग प्रवेश परीक्षेला बसतात. १३४८ मध्ये स्थापन झालेल्या चार्ल्स विद्यापीठाने तर यासाठी वेगळी संस्थाच चालवली आहे. पुढे कायम वास्तव्याचा परवाना हवा असेल तरी झेक भाषेची परीक्षा आहेच. नागरिकत्वासाठी आणखी वरची. थोडक्यात, इथे भाषा हा हौसेचा नव्हे, पोटापाण्याचा प्रश्न होऊन बसतो.

परक्या घरात ओळखीची माणसं

सुरुवातीला भाषा दगडासारखी वाटते. 'घशातून बोट खुपस' अशा अर्थाचं एक वाक्य नवख्यांना हमखास ऐकवलं जातं : 'स्तृच पृस्त स्कृस कृक'. अख्ख्या वाक्यात एक स्वर नाही! युरोपातले विद्यार्थी कपाळाला हात लावतात. मराठी माणसाने मात्र घाबरू नये. आपण 'रु' म्हणून मोकळे होतो तो ऋ, आणि वर्णमालेत पाठ करून विसरलेला ऌ, हे दोघेही प्रागमध्ये रोजच्या वापरात आहेत. लांडग्याला झेक माणूस 'व्ऌक' म्हणतो. संस्कृतातल्या 'वृक'चाच हा भाऊ.

भाऊबंद आणखीही आहेत. 'द्वा, त्र्झी, च्तिर्झी' ऐकताना द्वि, त्रि, चत्वारि आठवावेत. दिवस म्हणजे 'देन', आकाश 'नेबे', भाऊ 'ब्रातर'. बोलताना पंचविसाला 'पाच आणि वीस' असंही म्हणतात, आपल्यासारखंच. आणि 'मी पितो'ला झेक शब्द आहे 'पियु'. 'पिवो' हा शब्दही त्याच पिण्यातून आलेला! विभक्ती सात आहेत, पण ज्याने शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलं, त्याला त्यांचं नवल नाही. लिंगंही तीनच. फक्त तो, ती, तेच्या जागी 'तेन, ता, तो' येतात आणि त्यातला 'तो' नेमका नपुंसकलिंगी निघतो, तेव्हा मराठी जीभ हटकून घसरते. शिवाय 'र' आणि 'झ' एकाच श्वासात म्हणायचं ते अक्षर आहेच. झेक मुलांनाही ते उशिराच जमतं म्हणा.

फळ्यावरची भाषा, टेबलावरची भाषा

खरी गंमत पुढे आहे. वर्गात शिकवतात ती प्रमाण झेक. 'चांगली बिअर' म्हणजे 'दोब्रे पिवो'. हे वाक्य घोटून विद्यार्थी होस्पोद्यात जातो, तर शेजारचा म्हणतो 'दोब्री पिवो'. खिडकीला पुस्तकात 'ओक्नो', टेबलावर 'वोक्नो'. प्रागचे लोक घरीदारी बोलतात ती ही बोली. पुण्याच्या पाठ्यपुस्तकातली मराठी शिकून कुणी थेट सोलापूरच्या एसटी स्टँडवर उतरावं, तशी गत होते. वर्ग परीक्षेला उपयोगी, पण शेजारी, घरमालक आणि सोबत काम करणारी माणसं काय बोलतात ते कळायचं, तर टेबलाशी बसायला हवं.

त्या टेबलाचेही कायदे आहेत. आत शिरताना 'दोब्री देन' म्हणून नमस्कार करायचा. रिकामी खुर्ची दिसली तरी धाडकन बसायचं नाही. 'ये तु वोल्नो?' म्हणजे 'जागा आहे का?' असं विचारायचं. काही टेबलं नेहमीच्या मंडळींची राखीव असतात, तिथे चुकूनही बूड टेकू नये. समोर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवली की वेटरने ओळखायचं, याला बिअर हवी. तो एका चिठ्ठीवर रेघ मारतो. पेला संपत आला की न विचारताही दुसरा येऊ शकतो आणि दुसरी रेघ पडते. पुरे झालं असेल तर चकती पेल्यावर झाकायची. पेला भिडवताना 'ना झ्द्रावी', म्हणजे 'आरोग्यासाठी', म्हणायचं आणि नजरेला नजर द्यायची. नजर चुकवणं असभ्य मानतात.

बिअर मागतानाही शब्दसंपत्ती वाढते. 'दहा की बारा?' असा प्रश्न आला तर ते दारूचं प्रमाण नव्हे. बिअरच्या मूळ रसात किती अंश विरघळलेली साखर होती, त्याचा तो आकडा. दहाच्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण चार टक्के असतो, बाराच्या बिअरमध्ये पाच. ओतण्याचेही प्रकार आहेत. वर दाट फेसाचा थर ठेवलेली 'ह्लादिन्का' आणि जवळजवळ सगळा फेसच असलेली 'म्लीको', म्हणजे चक्क 'दूध'! शाकाहारी पाहुण्याला तळलेलं चीज आणि लसूण घातलेला बटाट्याचा जाडसर घावन तारून नेतात.

हरवता हरवता सापडलेली भाषा

झेक माणसाला आपल्या भाषेचं इतकं अप्रूप का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १६२० मध्ये प्रागच्या वेशीवरच्या बीला होरा या टेकडीवर झेक सरदारांचा पराभव झाला. पुढे हाब्सबुर्ग राजवटीत दरबार, कचेऱ्या आणि विद्वत्ता जर्मनकडे गेली. झेक उरली शेतावर आणि चुलीपाशी. एकोणिसाव्या शतकात काही जिद्दी माणसांनी तिला पुन्हा उभं केलं. योसेफ युंगमान यांनी १८३४ ते १८३९ या काळात पाच खंडांचा झेक-जर्मन कोश प्रसिद्ध केला. लोकांनी वर्गणी काढून राष्ट्रीय नाट्यगृह बांधलं. १८८१ मध्ये ते सुरू झालं आणि दोनच महिन्यांत आगीत सापडलं. पुन्हा वर्गणी जमली आणि १८८३ मध्ये पडदा पुन्हा वर गेला.

होस्पोदा या इतिहासाचा साक्षीदार आहे. यारोस्लाव्ह हाशेक यांच्या 'श्वेइक' कादंबरीत गुत्तेवाला पकडला जातो तो बादशहाच्या तसबिरीवर माश्या बसून घाण करायच्या, एवढं बोलल्याबद्दल! टेबलावरचं मोकळं बोलणं पुढे कम्युनिस्ट राजवटीतही जपून करावं लागे. १९७० च्या दशकात नाटककार वाक्लाव्ह हावेल यांच्यावर बंदी होती, तेव्हा त्यांनी बिअरच्या कारखान्यात मजुरी केली. तेच हावेल राष्ट्राध्यक्ष झाले आणि जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना त्यांनी 'सोनेरी वाघ' नावाच्या होस्पोद्यात नेलं. तिथे लेखक बोहुमिल ह्राबाल आपल्या नेहमीच्या टेबलाशी होते.

न पिणाऱ्यांनी काय करावं?

हा प्रश्न घरच्यांना पडणारच, आणि तो रास्त आहे. एकटेपणा, डिसेंबरात चार वाजताच पडणारा अंधार आणि स्वस्त बिअर, हे त्रिकूट वाईट. भाषा येईपर्यंत सवयही जडली, तर सौदा महागात पडतो. न मागता येणारा पेला नाकारणं, हा म्हणूनच नवख्याचा पहिला धडा असायला हवा. त्यासाठी वाक्यही पाठ करावं लागत नाही, चकती पुरते. झेक लोकही सगळेच पिणारे नाहीत. १९६० पासूनचं 'कोफोला' हे कोलासारखं पेय अनेक ठिकाणी नळातून पेल्यात ओतून मिळतं आणि बिनमद्यार्काची बिअर मागितली तर कुणी भुवया उंचावत नाही. गाडी चालवणाऱ्याला तर कायद्याने मद्याचा थेंबही चालत नाही. रात्रीच्या धिंगाण्याला रहिवासी इतके कंटाळले, की २०२४ मध्ये प्राग पालिकेने रात्री दहानंतरच्या, पर्यटकांना पबमागून पब फिरवणाऱ्या सहलींवर बंदी आणली.

कारण प्रागकरांच्या लेखी टेबलाशी बसायचं ते बोलण्यासाठी. झेकमध्येही 'तुम्ही'ला 'वि' आणि 'तू'ला 'ति' आहे. शेजारी, सहकारी वर्षानुवर्षं 'वि'च राहतात. 'आता आपण ति म्हणू या' हे मोठ्याने लहानाला, बाईने पुरुषाला सुचवायचं; परक्याने आपण होऊन घुसायचं नाही. मग पेले भिडतात, पहिलं नाव सांगितलं जातं आणि नाव लगेच संबोधनात जातं : पेतर असेल तर 'पेत्र्झे!', याना असेल तर 'यानो!' हा प्रसंग कोफोलाच्या पेल्यावरही साजरा होतो. भाषेचं प्रमाणपत्र विद्यापीठ देतं. 'तू' म्हणण्याचा हक्क मात्र टेबलापलीकडचं माणूसच देऊ शकतं. त्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम पुरतोच असं नाही.