आधी वाचलंस का?

चिमटा लावून घेतलेल्या दोन वाचनांचा चेकसम जुळला नाही की माझं डोकं फिरतं. बायोसची २५क्यू६४ आयसी बोर्डावरच वाचायला जावं, तर प्रोग्रामरचे ३.३ व्होल्ट चिपसेटपर्यंतही पोचतात. तो अर्धवट जागा होतो, त्याच लाइनींवर बोलू लागतो आणि ८३,८८,६०८ बाइटांत कुठेतरी एखादा बदलून येतो. पाय घासा, वायर आखूड करा, सेल काढा. कधी जुळतं, कधी नाही. मग आयसी उचलून सॉकेटात वाचणं आलं.

तिथंच आता माझं अडतं. हात थरथरतो. हॉट एअरखाली शेजारचे तिळाएवढे रेझिस्टर सरकतात. म्हणून जरीपटक्याच्या दुकानात एक पोट्टा ठेवलाय. आयसी तोच उचलतो, माझ्यापेक्षा सफाईनं. गिऱ्हाइकाला मी हे कळू देत नाही. "साईं, थोडा टाइम लगेगा," म्हणत बोर्ड आत नेतो आणि झाल्यावर मीच बाहेर आणतो.

पोट्ट्याशी भांडण वेगळंच आहे. "काका, याच मॉडेलची फाईल ग्रुपवर आहे ना, टाकून देऊ." टाकली तर लॅपटॉप सुरू होईलही. पण याचा सीरियल नंबर, विंडोजची की त्याच आयसीत असते, ती गेली. इंटेलचा एमई (मॅनेजमेंट इंजिन) भाग दुसऱ्या बोर्डाचा आला, तर कधी पंखा सुसाट सुटतो, कधी अर्ध्या तासात मशीन बंद. अशी बिघडवलेली मशीनं बाजारातून फिरत फिरत माझ्याकडे येतात.

जुन्या २७सी२५६ आयसीच्या काळात एवढी घाई जमत नव्हती. क्वार्ट्झच्या खिडकीतून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश वीसेक मिनिटं पडला, की ऑक्साइडच्या वेढ्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन निसटायचे आणि सगळी आयसी एकदम कोरी व्हायची. इंटेलमध्ये डोव फ्रोमननं १९७१ साली काढलेली ही युक्ती. पुसायलाच इतका वेळ लागे, की माणूस आधी मूळ फाईल जपून ठेवायचा. आता पुसणं काही सेकंदांचं, आणि वाचायला कुणाला सवड नाही. टीव्हीत ईएमएमसी गेली, तर दुकानदार सरळ बोर्डच बदलायला सांगतात.

माझ्या हार्ड डिस्कवर मूळ फाईलींचा साठा आहे. त्याचा गर्व आहे, लपवत नाही. सीताबर्डीवरून फोन येतात, "भाऊ, फाईल आहे का?" सीरियल नि की पुसून देतो. पण त्याआधी विचारतो, "तुझ्या आयसीतली आधी वाचलीस का?" पलीकडे गप्प. उत्तर मला ठाऊकच असतं. विचारायची मजा मात्र सोडवत नाही.